वेशीचा नारळ

हरेश रशियातल्या आडगावी लाकडाच्या कारखान्यात कामाला निघाला, तेव्हा नेरे गावच्या हौसाने लेकाच्या पिशवीत नारळ कोंबला. "नव्या गावात पयला वेशीवरच्या देवाला नारल द्यायचा," तिने बजावलं.

तिथून हरेश फोनवर हसला. "आये, इथं नुसतं जंगल हाय. जिल्ह्याची कचेरी दिवसभराच्या वाटेवर, वेस कुटं शोधू?"

हौसा हट्टाला पेटली. नेऱ्यात वेस म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथंही तशीच असणार, असं ती धरून चालली. पण तो मुलूख अफाट. त्या गावाची हद्द जंगलापलीकडे, गोठलेल्या नदीच्या काठी होती. सुट्टीच्या दिवशी हरेश पायीच निघाला, आणि बर्फाच्या वादळात सापडला.

शोधायला गेलेल्यांना तो गावाकडे तोंड करून मरून पडलेला दिसला. कोटाच्या खिशात नारळाची एक वाटी होती. एक देवापुढे ठेवून दुसरी घरी आणायची, हेही हौसानेच त्याला शिकवलेलं.

"नारल देवाला पोचला गं," शेजारणी तिची समजूत घालू लागल्या.

हौसा त्यांच्यावर उसळली. "कुनाचा पोर आईचं आयकतो? माज्याच पोरानं कशाला आयकलं?"