पाळणाघराच्या कॉपीत आलेली ओळ

लाडूचा एक घास दिला फक्त... आणि पोराचं तोंड सुजायला लागलं. ओठ, डोळे, सगळंच. कोथरूडला आमच्या कंपनीच्या पाळणाघराच्या दारात त्याला पोटाशी धरून मी ओरडत होते — रिक्षा बोलवा कुणीतरी, रिक्षा!

मी असलं काही मानणारी नाही हो. आठवी शिकले, लग्न करून यवतमाळहून आले, कंपनीत साफसफाई करते. भूतबित बघायला टाइम कुणाला आहे? झालं असं, की पाळणाघराच्या ताईंनी सगळ्या पोरांना शेंगदाण्याचा लाडू दिला, माझ्याच पोराला नाही. मला वाटलं, झाडूवालीचं पोर म्हणून. रागानं मीच डब्यातला उचलून भरवला...

डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा कुठं श्वास नीट झाला. म्हणाले, याला शेंगदाणा चालत नाही. आम्हाला काय माहीत! त्यानं कधी खाल्लाच नव्हता.

ताई माझ्यावरच चिडल्या. "म्हणून तर देत नव्हते! तुझ्या पोराच्या नावापुढं स्क्रीनवर लिहिलंय, शेंगदाणा देऊ नये. तूच लिहिलं असशील."

"ताई, मला ते उघडता पण येत नाही."

"मग मी काय स्वप्नात बघून लिहिलं?"

कॉम्प्युटरवाल्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, सगळ्यांची माहिती मेन सर्व्हरवर असते, तिथं बदल झाला की आपोआप इथं कॉपी होतो. पाळणाघरात कुणी टाइप करूच शकत नाही. मग त्यांनी मेनवर बघितलं... तिथं कोरं. कधी काही लिहिलंच नव्हतं.

"बग असेल," म्हणाले. "शेंगदाण्याचं मी मेनवर टाकतो. मग सगळं नव्यानं कॉपी करतो, म्हणजे जास्तीचं पुसलं जाईल." असं म्हणत त्यांनी पाळणाघराच्या स्क्रीनवर खाली सरकवलं, तर माझ्या पोराच्या नावापुढं अजून एक ओळ.

खिडकीपाशी झोपवू नये.

आमची तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, एकच खाट. खिडकीला लागून. हे कंपनीत कुणाला माहीत?

मी नवऱ्याला फोन लावला. "काऊन रडून राहिली? कॉम्प्युटर हाय तो, तुही माय नाही! पुसाले सांग. खाट सरकवतो मी."

"ताई, बोला," सर मला म्हणाले. "दाबू का बटण?"

माझ्या तोंडून निघालं — राहू द्या.

खाट सरकवली. पण आता रोज सकाळी पोराला सोडताना विचारते, ताई, काही आलं का? नाही गं, जा कामाला, म्हणतात. लिहिणारं वाईट नाही, एवढं कळतं. पण कोण आहे? माझ्या लेकराकडं इतकं बारीक लक्ष कोण ठेवतंय? सरांना अजून सापडलं नाही. नवरा म्हणतो, पुसायला पाहिजे होतं, रोजचा घोर गेला असता. पण पुसलं, आणि पुढची ओळ आलीच नाही तर?

तुमचं लेकरू असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं सरांना?