दारं धरणारं माणूस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उसाला पाणी दिलं. दुसरं काही मोठं नाही. मी पडवीत बाजेवर बसलो होतो, हातात नवा फोन. सुभद्रा, म्हणजे माझी बायको, उसाच्या कडेला खोरं घेऊन उभी. आमच्या लेकानं, रमेशनं, नुकताच विहिरीवरच्या मोटारीला असा स्टार्टर बसवला होता की फोनवर बोट ठेवलं की मोटार चालू. लाईट आली की फोन टिंग करतो आणि लिहून येतं, थ्री फेज आली. सगळा जन्म लाईट आली की विहिरीकडं पळण्यात गेला, आणि आता हे बसल्या जागी.

ती लांबूनच ओरडली, "आता मोटारीला बी फोन! मला बी एक बटन बसवून घ्या, म्हंजे बाजंवरनं उठायलाच नको."

मी म्हणलं, "तुजं बटन चालू करायला काय लागत न्हाय. बंद कसं करायचं?"

तिनं चिखलाचा गोळा फेकून मारला. लागला नाही. मी बोट ठेवलं, मोटार घुमली, पाटातनं पाणी निघालं आणि ती दारं धरायला वाकली.

आमच्या बावडा गावच्या माणसांना दारं धरणं सांगायला नको. पण हे बाकीचेही वाचतील, म्हणून सांगतो. पाटाचं पाणी एका सरीत सोडायला पाटाची कड फोडायची, ते दारं. सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून ते बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. हे करत पाण्याबरोबर उभं राहायचं, ते दारं धरणं. मोटार मी सोडायची आणि दारं तिनं धरायचं, अशी आमची वाटणी होती. ती कुणी ठरवली नव्हती. लग्न झालं आणि झाली.

दुपारी जेवलो. "जरा पडते," म्हणाली. पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला हार्ट. पायाचा चिखल पुरता धुतलेला नव्हता. ह्याच्यावर जास्त मला लिहिता येत नाही.

लिहिता तर मला तसंही फार येत नाही. शाळा चौथीत सुटली. मी बोलतो आणि फोन लिहितो. मी हाय म्हणतो, तो आहे लिहितो. मी न्हाय म्हणतो, तो नाही लिहितो. सूनबाई म्हणाली, राहू द्या तात्या, वाचणाऱ्याला बरं पडतं. म्हणलं राहू दे. माणसांची बोलणी तेवढी तिनं हातानं होती तशी घातली. ज्याला माझं बोलणं माहीत आहे त्याला कळेल.

तेरावं झालं आणि रमेश म्हणाला, आता हितं एकटं ऱ्हायचं न्हाय. म्हैस पुतण्याकडं, दत्ताकडं दिली, ऊसही त्यानंच बघायचा ठरलं. घराला कुलूप लावलं. अंगणात सगळी भावकी उभी होती. शेवटी माझी वैनी, दत्ताची आई, पुढं आली आणि म्हणाली, "भावजी, ताटात पडंल ते खावा. मीठ कमी हाय म्हणून सुनंला बोलू नका. हितं चालत हुतं, तितं न्हाय चालायचं." गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा रमेशनं आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी खिशातल्या फोनवर हात ठेवून बसलो होतो. माझा ऊस त्याच्यात होता.

बारामतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. सूनबाई अर्चना चांगली पोर आहे, मीठही बरोबर घालते. तिनं माझ्या फोनमध्ये काय काय भरलं. एक ॲप पाऊस सांगतं. एक कांद्याचा बाजार सांगतं, मार्केट यार्डात न जाता. एक माझी पावलं मोजतं. संध्याकाळी म्हणतं, शाब्बास, आज तुम्ही भरपूर चाललात. कुठं चाललो होतो ते विचारत नाही. एक गोळीची वेळ झाली की घंटी वाजवतं आणि गोड बाई बोलते, कृपया आपले औषध घ्या. सुभद्रा म्हणायची, "गोळी खाल्ली का न्हाई, का आणून टाळूवर ठिवू?" ते ध्यानात राहायचं. ह्या बाईचं राहत नाही.

एकदा सकाळी फोननं आपल्या मनानंच सुभद्राचे जुने फोटो काढून एकामागं एक दाखवले, वर बारीक बाजा वाजतोय. तुमच्या आठवणी, असं लिहिलेलं. मी त्याला सांगितलं होतं का? ज्याला त्याला शिव्या दिल्या त्या दिवशी. आणि रात्री अर्चनाला म्हणलं, ते सकाळचं परत कसं लावायचं ते दाखव.

दत्ता व्हिडिओ लावून ऊस दाखवायचा. हिरवागार दिसायचा. पण फोनमधल्या उसाचा पाला हाताला कापत नाही. तेवढं सोडलं तर सगळं बरं आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. आणि बरंच होतं, कारण मोटार माझ्याकडं होती. स्टार्टरच्या ॲपात मालक म्हणून माझंच नाव. दत्ता दारं धरायला उभा राहिला की फोन करायचा, "सोडा तात्या," आणि मी बारामतीतनं सोडायचो. गॅलरीत खुर्ची टाकून बोट ठेवायचं, की बावड्यात माझ्या विहिरीतनं पाणी उठायचं. त्या घटकेला मी बारामतीत नसायचो.

एके रात्री दत्तानं मला सांगितलं होतं की उद्या कऱ्हाटीला मेव्हणीच्या पोरीचा साखरपुडा आहे, पाणी नको. मी हूं म्हणलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो. फोन टिंग झाला. थ्री फेज आली. माझं बोट गेलं. आणि बोटाबरोबर तोंड उघडलं. गॅलरीतनं आत तोंड करून मी मोठ्यानं हाक मारली, "सोडलं गं! दारं धर!"

अर्चना स्वयंपाकघरातनं पिठाच्या हातानं पळत आली. फ्लॅटचं पुढचं दार उघडलं आणि ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. म्हणाली, "धरलंय तात्या. कोण आलंय?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती जिन्याकडं बघत होती. तिला वाटलं कुणीतरी जड काहीतरी घेऊन वर येतंय. तिचा काय दोष, ती फलटणच्या मास्तरांची लेक, तिच्या लेखी दार ते दार. "तात्या, कोणी नाहीये," असं ती म्हणाली आणि मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. दार तसंच उघडं टाकून माझ्याजवळ येऊन बसली. सुभद्रा गेली तेव्हा माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. लोक म्हणाले म्हातारा कठीण आहे. त्या सकाळी अर्चनाच्या पिठाच्या हाताला धरून मी रडलो. ती पाठीवरनं हात फिरवत राहिली आणि मोटार चालूच राहिली. कुणाच्याच ध्यानात आली नाही.

माझा बाप म्हणायचा, पाणी सोडून घरला जाऊ नये. पाणी आंधळं असतं, त्याचा हात धरायला माणूस लागतं.

चारच्या सुमाराला दत्ताचा फोन आला. कऱ्हाटीहून येऊन तो थेट शेतातच गेला होता. "तात्या, पाणी सोडलं व्हय? आन् दारं कोण धरतंय, तुमचा फोन?" एक सरी भरून, पाट फुटून, पाणी दिवसभर खालच्या किसनरावांच्या रानात गेलं होतं. त्यांनी कांदा काढून रानातच वाळत टाकलेला. सगळा पाण्यात. किसनराव तिथंच होते, त्यांनी फोन घेतला. "तात्या, तुमच्या घरचं माणूस गेलं म्हणून म्या काय बोलत न्हाय. पर माजा कांदा काय सुतकात न्हाय." मी म्हणलं, "बोला किसनराव, तुमचं खरं हाय." त्यावर त्यांनी फोन दत्ताकडं दिला.

संध्याकाळी रमेश आला. अर्चनानं त्याला सगळं सांगितलं असणार, कारण तो चपला काढून सरळ माझ्याजवळ खाली बसला. म्हणाला, "तात्या, स्टार्टर दत्ताच्या नावावर करू. जो दारं धरतो त्यानंच मोटार सोडावी."

मी म्हणलं, "आन् माज्याकडं काय ऱ्हातंय मग? पावलं मोजायचं?"

 पोरगं आईवर गेलं आहे, मनात आलेलं ठेवत नाही. म्हणाला, "तुमी मोटार सोडता तवा तुमाला वाटतं आई तिथं हाय." मी त्याला म्हणलं, उठ, हातपाय धू, जेवायला बस.

ह्याच्यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्यासारखी किती म्हातारी लेकाकडं येऊन राहिली आहेत, पुण्यात, बारामतीत, कुणाची पोरं तर परदेशात. त्यांना विचारतो आणि बावड्यात मागं राहिलेल्यांनाही विचारतो, घर कशाला म्हणायचं? कुलूप लावलेलं बावड्याचं ते, तर त्यात आता उंदीर आहेत. बारामतीचं म्हणावं तर तिथं सगळं मिळतं, प्रेमानं मिळतं, पण मी अजून पाहुण्यासारखा कडेला झोपतो. मला एवढंच कळलं. आपण लांबून हाक मारली आणि पलीकडून कुणीतरी काहीतरी धरलं, की ते घर. माझी हाक आता जाते तिथं कुणी नाही. आणि जिथं अर्चनानं दार धरलं तिथं मला ती हाक मारायची नव्हती. हे असं झालं आहे. ह्याच्यावर ॲप नाही.

रमेश बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच एस्टी स्टँडवर गेलो आणि इंदापूरची गाडी धरली, तिथनं बावडा. आधी किसनरावांच्या रानात गेलो आणि त्यांच्याबरोबर वाकून भिजलेला कांदा कोरड्या बांधावर टाकू लागलो. त्यांनी ये म्हणलं नाही आणि जा म्हणलं नाही. मग दत्ताला विहिरीवर नेलं. फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणलं, माझं काढ, तुझं घाल. तो म्हणाला, "तात्या, तुमचं बी ऱ्हाऊ द्या की. दोन नंबर चालत्यात."

"माजं बोट ऱ्हात न्हाय रं. काढ."

त्यानं कुठं कुठं दाबलं आणि फोन माझ्यासमोर धरला. मालक बदलायचा, नक्की का, असं विचारत होतं. खाली होय आणि नाही. तेवढं मालकालाच दाबावं लागतं, दत्ता म्हणाला. विहिरीत पारवे घुमत होते. मी होय दाबलं.

लाईट होती. दत्तानं आपल्या फोनवरनं मोटार सोडली. मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, त्याच्या हातातलं खोरं घेतलं आणि पहिलं दारं फोडलं. माती कुठनं ओढायची ते मला नीट येत नव्हतं, दोनदा पाणी पायावरनं निसटलं. शेवटच्या सरीपर्यंत पाणी नेलं आणि मगच बारामतीच्या गाडीला गेलो.