भुरका

ईश्वरी तोंड मिटून, अजिबात आवाज न करता रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी शेवया, खात होती. मागे म्हातारा जपानी मालक श्वास रोखून, तिच्याकडे कान लावून उभा. दर शनिवारी हेच! पण जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये असली रामेन फक्त इथेच, म्हणून भीती वाटली तरी ती दुसरीकडे जाईना.

"भुरके मार की गं," शेजारी बसलेली मैत्रीण शिवांगी कुजबुजली.

"हट्! आईने त्यासाठी फटके दिलेत."

म्हातारा आत गेला. अख्खं पातेलं बेसिनमध्ये ओतल्याचा आवाज आला.

पुढच्या शनिवारी दुकान कायमचं बंद.

नंतर कळलं, त्याच्या जिभेची चवच गेली होती. रस्सा जमलाय का, ते तो गिऱ्हाइकांच्या भुरक्यांवरून ओळखायचा.