समुद्राची हवा

सोलापुरात नव्या पेठेत, हाशम फोटोवाल्याच्या दुकानात समुद्र होता. बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच. काळे कडे, त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा, टोकावर दीपगृह, खाली पिवळीधमक वाळू आणि लांबवर निशाण लावलेलं एक शिडाचं गलबत. गिरणीतली माणसं सुट्टीच्या दिवशी डोक्याला तेल चोपडून यायची, त्या कड्यापुढं खुर्ची टाकून बसायची आणि श्वास रोखून फोटो काढून घ्यायची. हा पडदा रंगवला होता तिप्पण्णानं. आणि तिप्पण्णानं, आता सांगायला हरकत नाही, जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

त्यानं तो उचलला होता विलायती बिस्किटांच्या एका डब्यावरून. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. महाल, जंगल, तुरुंग त्याला झोपेत काढता येत. मग बोलपट आले, कंपन्या बसल्या आणि तिप्पण्णाकडं मिरवायला उरला तो हा एवढा समुद्र. माणूस तसा गरीब, पण पडद्याला कुणी नाव ठेवलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. एकदा कोकणातून बदली होऊन आलेल्या एका कारकुनानं फोटोला बसता बसता विचारलं, "अहो, शीड इकडे फुगलंय आणि निशाण तिकडे फडकतंय. वारा आहे तरी कुठला?" दुकानातले सगळे हसले. हाशमसुद्धा हसला. तिप्पण्णा आठ दिवस नीट जेवला नाही. एकदा समुद्र बघायचाच, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं.

त्याची बायको महादेवी गिरणीत रिळांवर सूत भरायची. एकोणीसशे तेहतीसच्या थंडीत तिला खोकला लागला तो सुटेचना. ताप उतरेना, अंगावर चोळी लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाला, "गिरणी सोडवा. हवापालट करा." कुठं, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिप्पण्णानं विचारलंही नाही.

"मला चंद्रव्वाकडं सोडा की," महादेवी म्हणाली. चंद्रव्वा तिची थोरली बहीण, अक्कलकोटाकडं रानात राहायची. "खोप हाय, शेळीचं दूध हाय. पडून ऱ्हाईन लिंबाखाली."

"रानात कसली आलीया हवा? नुसता फुफाटा! हवा म्हंजी समुद्राची. सायबलोक तितंच जात्यात."

"तुमाला बगायचाय म्हून व्हय?"

"तुज्यासाटी म्हनतोय मी!" तिप्पण्णा जोरात ओरडला. पुन्हा तिनं चंद्रव्वाचं नाव काढलं नाही.

फाल्गुनात दोघं निघाली. कुर्डुवाडीला छोट्या रुळांच्या गाडीत बसली, मिरजेला उतरली. तिथं फलाटावर कोकणातली माणसं आपले आजारी घेऊन उतरत होती. कुणाला झोळीत घातलेलं, कुणाला पाठीवर घेतलेलं, आणि सगळे खोकत होते. ही माणसं समुद्र सोडून इकडं कशाला आली असतील, हा प्रश्न तिप्पण्णाला पडायला हवा होता. त्याला फक्त त्यांची कीव आली. पुढं कोल्हापूर आणि तिथून मोटारीनं आंबा घाट उतरून ती रत्नागिरीला पोचली. मांडवीजवळ एका घराची पडवी त्यांना राहायला मिळाली.

पहिल्या सकाळी समुद्र बघून तिप्पण्णानं आधी मूठभर वाळू उचलली. वाळू काळी होती. पाणी एका रंगाचं नव्हतंच, बघता बघता बदलत होतं. आपला पडदा म्हणजे शुद्ध फसवणूक होती हे त्याला कळलं आणि त्याचं त्याला वाईट वाटायच्या ऐवजी हसू आलं. महादेवी दगडावर बसून माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांकडं बघत होती. "ह्या बसत न्हाईत का कदी?" तिनं विचारलं.

रोज सकाळी तो तिला हाताला धरून खडकांवरून चालवायचा. "भरून घे हवा. आनि घे." ती घ्यायची आणि खोकून खोकून वाकायची. "पडू दे, गिरनीतला कापूस भाईर पडतोय," तो म्हणायचा. त्याला ते खरंच वाटत होतं. तिचं लुगडं दिवसभर ओलसर राहायचं, उशाला घेतलेली घोंगडीसुद्धा दमट लागायची. रात्री घाम यायचा. नवव्या दिवशी पुळणीवरच रक्त पडलं, आणि काळ्या वाळूवर ते दिसलंही नाही. तिनं तोंड पुसलेला पदर बघितला तेव्हा तिप्पण्णाला कळलं.

गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, मग तिप्पण्णाला बाहेर ओसरीवर बोलावलं. "कुठून आलात?"

"सोलापूरहून जी. हवेसाटी."

"अहो, आमच्याकडचे असे रोगी आम्ही वर देशावर पाठवतो. कोरड्या हवेला. तुम्ही कोरड्यातून उठवून हिला ओल्यात आणलीत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिप्पण्णाला सांगायला कुणाचं नावच नव्हतं.

"आता घरी न्या," डॉक्टर मवाळ होऊन म्हणाले. "फार उशीर झालाय."

मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुपारी महादेवी पडवीत भिंतीला टेकून बसली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं विचारलं नाही. "किल्ल्याकडची बाजू बगायची ऱ्हायली न्हवं तुमची? जाऊन या."

"नगं आता."

"जावा की. परत कवा येनार हाय तुमी? मी काय एका दुपारीत बरी व्हनार न्हाय."

आणि तिप्पण्णा गेला. तो किल्ल्यावरच्या दीपगृहापाशी चढला, कड्याच्या कडेवर पोटावर पालथा पडला आणि खाली बघत राहिला. लाट यायची, कड्याच्या कपारीत शिरायची, आत गडगडायची आणि पांढरी होऊन फुटायची. जाणाऱ्या गलबताचं निशाण कुठं फडकतं आणि शीड कुठं फुगतं ते त्यानं नीट बघून घेतलं. कपारीतली सावली निळी असते, काळी नसते, हेही त्याला तिथंच कळलं. तो उठला तेव्हा ऊन कललं होतं.

परत आल्यावर तिनं विचारलं, "कसा हाय?"

"काय न्हाय. दगड आनि पानी."

"म्हंजी लई चांगला हाय," महादेवी म्हणाली आणि कुशीवर वळली.

सोलापुरात आल्यावर ती बारा दिवस जगली. माती देऊन आल्यावर आळीतली माणसं दारात बसली. गिरणीतला माणूस बायकोला गावच्या वेशीबाहेर नेत नाही, तिप्पण्णानं तिला पार समुद्रापर्यंत नेलं, असं जो तो म्हणत होता. "बायकोसाटी लई केलंस बाबा," मल्लप्पा शेजारी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. तिप्पण्णानं मान हलवली. त्या दुपारी कड्यावर दोन तास त्याला महादेवीची एकदाही आठवण झाली नव्हती, आणि त्याच्या सबंध आयुष्यात तेवढे सुखाचे दोन तास दुसरे नव्हते.