जाळं चावणारा

वैप्पार नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी सकाळी दुधाळ असतं. त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसायची सवय सूसैयम्माला नवरा सेबस्ती गेल्यापासून लागली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रापणीच्या जाळ्यातली मासळी निवडताना सेबस्तीच्या घोट्याला काहीतरी टोचलं. "शिंगटीचा काटा असेल," म्हणत त्यानं पाय झटकला, घरी येऊन पेज प्याला, चेष्टामस्करी करत आडवा झाला. दुपारी मान वळेना, संध्याकाळी जबडा उघडेना. तिसऱ्या दिवशी तो गेला. जाळ्यात चार-पाच साप आले होते. त्यातला कुठला चावला, कुणाला सांगता येईना. "समुद्रातले सगळे सारखेच," म्हातारे म्हणाले.

तिला ते पटलं नाही. पुढची तीस वर्षं ती जाळ्यात आलेला प्रत्येक साप दुबेळक्या काठीनं मानेपाशी दाबून निरखायची आणि पाण्यात सोडून द्यायची. शेपटी सगळ्यांचीच वल्ह्यासारखी चपटी. पट्टेही फसवे, वयाबरोबर पुसट होणारे. पण एकाचं नाक चोचीसारखं खाली झुकलेलं, हनुवटीत खोल चीर, कातडी मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी ढिली. जुने लोक त्याला वलैकडियन म्हणत, म्हणजे जाळं चावणारा. मेलेल्याच्या पोटात बहुतेकदा शिंगटी निघायची. शिंगटीच्या मागं तो गढूळ पाण्यात येतो आणि तिच्याबरोबरच रापणीत अडकतो, हे हळूहळू तिच्या लक्षात आलं. सेबस्तीच्या पायाखाली तो चेंगरला असणार. मग राग धरायला तिला कुणी उरलंच नाही. कधी झोपेत तो साप दिसायचा: हिरव्या उजेडात सावकाश वर येणारा, श्वास घेऊन पुन्हा विरून जाणारा.

एका सकाळी टोपली भरता भरता पुतण्या लासर हसत ओरडला, "पेरियम्मा, तुझ्या लाडक्यानं माझा मुका घेतला बघ!"

पोटरीवर दोन बारीक टिंबं होती.

"दुखतंय?"

"छे! मुंगीसुद्धा जास्त चावते."

"म्हणूनच खाली बस. एक पाऊल टाकायचं नाही, गाढवा."

तिनं त्याच्या पायाला पट्टी गुंडाळून फळी बांधली, साप काठीनं बरणीत सारून झाकण लावलं आणि मासळीच्या गाडीतून दवाखाना गाठला. तरुण डॉक्टरीणबाईंना सूज दिसेना.

"नाक बघा, बाई," सूसैयम्मानं बरणी पुढं धरली. "आत्ता पोरगा बोलतोय. दुपारी मान धरेल, मग लघवी काळी होईल."

डॉक्टरीणबाईंनी नाक पाहिलं, हनुवटी पाहिली आणि मोठ्या इस्पितळाला फोन लावला. लासर तिथं पोचला आणि खरंच त्याची मान आखडली.

ती बरणी घेऊन परतली, तेव्हा लासरची आई किनाऱ्यावर किंचाळली, "ठेच त्याला!"

"ठेचून तुझा पोरगा बरा होणार असता, तर आधी मीच ठेचला असता."

ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि काठीच्या टोकानं बरणी कलती केली. साप जरा वेळ तसाच तरंगला. मग अंगाची एक लाट करून तो खाली गेला, आणि पाणी पुन्हा गुळगुळीत झालं.

लासरचं रक्त नऊ दिवस यंत्रातून धुतलं जात होतं. दहाव्या दिवशी तो घरी आला, सुकलेला, चिडका. उंबऱ्यातच म्हणाला, "पेरियम्मा, खेकड्याचं कालवण कर. जबडा चालतो का बघू दे."

ती पदर खोचून खेकडे आणायला निघाली.