ज्ञानकोशाचा राखणदार

"संदर्भ दाखव, मग बोल." आमचा रवींद्र ओव्हाळ चहा पितानाही हेच म्हणायचा. आज उकडतंय म्हटलं, तरी संदर्भ मागायचा.

मी मुरबाडकडचा. शाळा अर्धी सोडली, पण माणसं वाचायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. रवींद्र ठाकुर्लीचा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात रमला. तिथे कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, पैसा कोणालाच नाही. पिकलेल्या शेताला राखण बसते, तसा हा त्या पानांच्या राखणीला बसला. कोणी ऐकीव काही लिहिलं, की तयार ठेवलेली ओळ डकवायची: 'संदर्भ नसल्यामुळे मजकूर वगळला आहे.'

पूर्वी साकेत, जागृती अशी बरोबरीची मंडळी होती. एकेक करत थांबली. "पोटापाण्याला लागली रे," तो म्हणायचा. पण आपल्यामागे ही पानं कोण बघणार, या काळजीने तो आतून वाळत चालला होता.

मी राहतो कोपरला, आवडाबाईंच्या चाळीत. आवडाबाई आगऱ्यांच्या लग्नातली धवलारीण. लग्नाचे विधी ती धवला नावाच्या गाण्यांनी लावते. तिने धवला धरला की मांडवातली पोरंही मोबाइल खाली ठेवतात. तिचा नातू मितेश, त्याच्या हळदीला मी रवींद्रला घेऊन गेलो. म्हातारीचा आवाज ऐकून गड्याचे डोळे भरले. मितेशची बहीण निशिगंधा जेवण वाढत होती. रवींद्र तिला म्हणाला,

"अगं, हे ज्ञानकोशात यायला हवं. तू लिही ना!"

"लिहिलेलं काका, मागच्या वर्षी. आजीच्या मागे फिरून फिरून. कोणीतरी लगेच उडवलं."

"कुठल्या नावाने लिहिलेलंस?"

"खाडीकाठची."

रवींद्रचा हात ताटातच राहिला. "तो मीच," तो म्हणाला.

निशिगंधा भांडली नाही. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "उडवलंत त्याचं काही नाही. चुकलं असेल माझं. पण आमच्याकडे हळदीला अनोळखी माणूस आला, तरी आधी पाणी विचारतात. तुम्ही विचारलंच नाही, कोण गं तू, कुठली. मग परत कशाला यायचं?"

ताट तसंच ठेवून तो उठला. परतताना एवढंच बोलला, "साकेतलाही मी कधी बरं लिहिलंस म्हटलं नव्हतं."

आवडाबाईंची एक रीत आहे. लग्नाला बोलवायचं तर ओट्यावर येऊन सुपारी ठेवायची. फोनवर ती हो म्हणत नाही. सुपारी फोडली, म्हणजे बोलावणं घेतलं. हे रवींद्रने माझ्याकडूनच ऐकलेलं. पुढच्या रविवारी तो आला आणि सुपारी म्हातारीपुढे नाही, निशिगंधेपुढे ठेवली.

"काय काका, सुपारी?" मितेश ओरडला. "आता कोणाला उडवायचंय?"

"गप रं!" आवडाबाई म्हणाली. "पावन्याला पानी दे आधी."

"परत ये पोरी," रवींद्र म्हणाला.

"आणि संदर्भ? आजीचं नाव चालेल?"

हो म्हणाला असता, तर तिथेच काम झालं असतं. पण तो रवींद्र होता. मितेशने आणलेला तांब्या त्याने जरा बाजूला सरकवला.

"नाही चालणार. छापील हवं. पण ते एकटीने शोधायचं, असं कुठे लिहिलंय? मी उद्यापासून ठाण्याच्या ग्रंथालयात बसतो. तू लिहीत राहा, मी खाली संदर्भांचा आधार देत येतो."

"बघते," निशिगंधा म्हणाली. ना हो, ना नाही.

तो पाणी प्याला, पिशवी खांद्याला लावली आणि उतरला. उजवा खांदा जरा पडलेला, चाल सावकाश, गायरानातून परतणाऱ्या बैलासारखी. मागे वळून पाहिलं नाही. ओट्यावर आम्ही चौघं होतो. मितेश आत गेला, मी विडी शोधू लागलो. निशिगंधा मात्र तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

मग म्हणाली, "आजी, अडकित्ता कुठंय?"