लेन्सखालचा टेकू

आठवड्यातलं हे चौथं लग्न. खांदे भरून आले होते. अडॅप्टरच्या जोडकडीवर जड लेन्स लावली की तिचा भार एकट्या कॅमेऱ्याला पेलत नाही, म्हणून खाली दोन सळ्यांवर टेकू असतो. पाठवणीआधी तो मी घाईत जास्तच वर कसला, लेन्स उचलली गेली आणि चित्र धूसर झालं. तो पुन्हा थोडा सैल केला. इतक्या वर्षांनीही ही चूक होतेच.

शेजारी दमून बसलेल्या वधूपित्यांनी विचारलं, "पुन्हा सैल केलंत?"

"भार घ्यायचा काका, पण उचलायचं नाही. नुसतं टेकवून ठेवायचं."

"आणि हे फिल्ममध्ये दिसतं?"

"नाही."

मुलगी गाडीकडे निघाली. ते तिचा दंड धरायला पुढे झाले, थबकले, मग तिच्या कोपराखाली नुसता तळहात टेकवून चालू लागले.

माझ्या चौकटीत तिचा चेहरा होता. त्यांचा हात चौकटीच्या खाली राहून गेला.